शेवटचा सामना सगळेच हरतात

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "हरली की रडते का तू?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. सांगलीहून पीएच.डी. करायला लखनौला आले होते. जानकीपुरमच्या विस्तारात औषधांवर संशोधन करणारी एक सरकारी संस्था आहे, तिथं मला फेलोशिप मिळाली होती, पण हॉस्टेलमध्ये जागा नव्हती. गेटवरच्या चौकीदारानं पत्ता सांगितला होता. "एक मराठी मैडम हैं, ऊपर का कमरा देती हैं. अकेली हैं. थोड़ी अलग हैं." 'अलग' म्हणताना तो का हसला ते मला दार उघडं दिसल्यावर कळलं.

जूनची दुपार होती. बाहेर लू वाहत होती, अंग भाजणारा वारा. आत वेताच्या खुर्चीत साठीच्या एक बाई बसल्या होत्या. साधी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. एक डोळा घट्ट मिटलेला आणि उजवा तळहात टीव्हीच्या दिशेनं ताठ उगारलेला. वाहतुकीचा पोलीस गाड्या थांबवतो तसा. मला वाटलं, बाईंना झटका आलाय. मी बॅग टाकून धावले.

"थांब," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मॅच पॉईंट आहे."

टीव्हीवर टेनिस चाललं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी हात खाली आला नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी टीव्ही बंद केला आणि मिटलेला डोळा उघडला.

"हात कशाला धरला होता?" मला राहवलं नाही.

"जिंकणाऱ्याला झाकून राहिली होती. मधे मधे येते तो."

आणि मग तो प्रश्न. हरली की रडते का? मी विचारलं, कशात हरले की? म्हणाल्या, कशातही. मी खरं ते सांगितलं, रडते. "बरं आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी न रडणारी ठेवली होती. तिनं गिझर तोडला."

मी आभार मानायला 'काकू' म्हटलं, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काकू कोणाची? तुझ्या काकाचं न् माझं काही लगीन लागलं नाही. ऑफिसात मला छत्तीस वर्षं सगळे मॅडम म्हणत होते. तूही म्हण."

तेव्हापासून त्या मॅडम. मी त्यांच्याकडे सहा वर्षं राहिले, आणि सहा वर्षांत मला त्यांची सवय झाली असं मला कधीही म्हणता आलं नाही.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. यजमान अमौसीच्या विमानतळावर सरकारी नोकरीत, म्हणून लग्नानंतर त्यांनी लखनौला बदली मागून घेतली. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, घर स्वतःचं होतं. त्या इथंच राहिल्या. हॉलमध्ये बुद्धाची एक लहान मूर्ती, यजमानांचा फोटो आणि टीव्ही. बाकी भिंती रिकाम्या. रोज सकाळी मूर्तीपुढे मेणबत्ती लावून झाली की त्या टीव्हीचा पडदा ओल्या फडक्यानं पुसायच्या, आणि दोन्ही कामं सारख्याच शांतपणे करायच्या.

वीज जाण्याचे ते दिवस होते. जानकीपुरममध्ये दिवसातून चारदा बत्ती गुल. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याला फक्त टीव्ही जोडलेला. पंखा नाही, दिवा नाही, फ्रिज नाही. पहिल्या आठवड्यात मी घामानं निथळत खाली आले आणि म्हटलं, मॅडम, निदान एक पंखा तरी. त्या म्हणाल्या, "तू वही घेऊन वारा घाल. पाचवा सेट आहे." मी वही घेऊन वारा घातला. मला आणि त्यांनाही.

टेनिस बघणारी माणसं मी पाहिली होती. पण ही बाई सामना जिंकणाऱ्याकडे बघतच नसे. तिला जिंकणाऱ्याचं काही कौतुक नव्हतं. कप उचलायची वेळ आली की टीव्ही बंद. "आता वरात निघाली. वरातीत काय पाहायचं? सगळे नवरदेव सारखेच दिसतात."

त्यांचा खरा विषय वेगळाच होता. जुन्या काळातला मोठा की आताचा, हा वाद टेनिसच्या वेड्यांत नेहमीचा. आमच्या संस्थेच्या कॅन्टीनमध्येही तो रोज व्हायचा. कोणी किती कप जिंकले, कोण किती वर्षं पहिला होता, लाकडी रॅकेट हातात दिली तर आजचा किती टिकेल. मी एकदा जेवताना मॅडमना तो वाद सांगितला. त्यांनी भाकरी मोडायची थांबवली.

"हे काय मोजून राहिले? रॅकेट बदलली, गवत बदललं, बॉल बदलला, जोडे बदलले. याचं काय न् त्याचं काय, सारखं एक तरी आहे का?"

"मग तुलना करायचीच नाही?"

"करायची ना. पण सारखं काय आहे ते पहिले शोधायचं. शेवटचा सामना. जो खेळला तो शेवटचा सामना हरलाच. कोणी एखादा जिंकून घरी बसला असंल, त्याची गोष्ट सोड. बाकी सगळे हरले. लाकडवालेही हरले, आताचेही हरतील. तेवढंच एक सगळ्यांचं सारखं आहे. मग तिथंच पाहायचं, कोण कसा हरते."

कॅन्टीनमध्ये पाच डॉक्टरेटवाले रोज भांडत होते आणि यातलं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

मॅडम खेळाडूंची खरी नावं घेत नसत. जुन्या काळातला एक त्यांचा 'मास्तर' होता, जोरात मारणारा 'लोहार', आणि आजचा सगळ्यांचा लाडका 'इस्त्रीवाला', कारण पाच तास खेळूनही त्याच्या कपड्यांना सुरकुती पडत नाही. बायकांत एक 'हंबरणारी' होती आणि एक 'मुनीमीण', चुकलेला प्रत्येक बॉल मनात लिहून ठेवणारी. हरताना कोण पंचाकडे बघतो, कोण आईकडे बघतो, कोण रॅकेट आपटतो, कोण हात मिळवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, हे त्यांना सगळं पाठ. मॅडमच्या यादीत मास्तर पहिला का, तर शेवटचा सामना हरल्यावर तो बॉल गोळा करणाऱ्या पोराचा बॉल त्याला परत द्यायला गेला होता. इस्त्रीवाल्याचा निकाल त्यांनी राखून ठेवला होता. "त्याचं अजून व्हायचं आहे. त्याच्या आधी मी बोलणार नाही."

पुढं घरात इंटरनेट आलं, तेव्हा त्यांनी मला लॅपटॉपवर जुने सामने शोधायला लावले. सगळे शेवटचे, सगळे हरलेले. मास्तरच्या सामन्याचा मोठ्या मुश्किलीनं दोन मिनिटांचा तुकडा सापडला. चित्र धुरकट, आवाज खरखरीत. मी विजयी मुद्रेनं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि संपूर्ण दोन मिनिटं मिटलेलेच ठेवले.

"मॅडम, बघा ना!"

"ऐकून राहिली," त्या म्हणाल्या. "जुने मी असेच पाहते."

आता इथं मला माझा गुन्हा सांगितला पाहिजे.

आमच्या विभागाचे प्रमुख लखनौचेच होते. पंचावन्न वर्षांचे, उंच, अतिशय गोड बोलणारे. रोज सकाळी आवारातल्या कोर्टवर खेळायचे. त्यांची सतरा वर्षांची मुलगी राज्य पातळीवर खेळत होती. ते इस्त्रीवाल्याचे भक्त. माझ्या फेलोशिपच्या मुदतवाढीवर सही त्यांचीच लागायची, आणि तीन वर्षांत त्यांना माझं नाव एकदाही नीट आठवलं नव्हतं. एक दिवस कॅन्टीनमध्ये वाद रंगला असताना मी धीर करून शेवटच्या सामन्याची ती गोष्ट सांगितली. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वाह! यह किसने कहा?"

"मेरी मकान-मालकिन हैं, सर."

"खेलती थीं?"

बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणून गेले, "जी सर. नागपुर की चैंपियन थीं. लकड़ी के ज़माने में."

हे मी का म्हटलं? खरंच मला तसं वाटायचं का? थोडंसं वाटायचं. इतकं जाणणारी बाई कधीतरी खेळलीच असेल, असं कोणालाही वाटलं असतं. पण मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, हेही खरं. आठ दिवसांत नागपूरची चॅम्पियन विदर्भाची झाली. पंधरा दिवसांत लॅबमधला एक मुलगा मला सांगायला आला की तुमच्या मॅडम देशाकडून परदेशात जाऊन आल्यात म्हणे. मी 'नाही' म्हटलं नाही.

आणि मग एका रविवारी साहेब स्वतः दारात उभे. हातात रेवड्यांचा डबा, बरोबर मुलगी. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. साहेबांचं आर्जव मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. संस्थेचा क्रीडा सप्ताह आहे, एक प्रदर्शनी सामना ठेवायचा आहे, 'दो ज़माने, एक कोर्ट'. एका बाजूला माझी बेटी, आजची रॅकेट. दुसऱ्या बाजूला आप. वालिद साहेबांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, लाकडी रॅकेट घरी जपून ठेवली आहे. "बस एक सेट. हमारी इज़्ज़त-अफ़ज़ाई होगी."

मी डोळे मिटून वाट बघत होते. आता मॅडम हसतील, म्हणतील मला खेळता येत नाही, आणि माझं सगळं उघडं पडेल.

"हां," मॅडम म्हणाल्या. "आऊंगी."

कप माझ्या हातातून सिंकमध्ये पडला. फुटला नाही, पण मला तो फुटल्यासारखाच ऐकू आला. म्हणजे त्या खरंच खेळत होत्या! मी थाप मारली आणि थाप खरी निघाली. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, तुम्ही खरंच खेळणार?"

"बोलावलं तर जायचं नाही का?"

त्यांनी अमीनाबादहून पांढरे कॅन्व्हासचे बूट आणले. पांढरी सलवार-कमीज शिवून घेतली. मी त्यांना आयुष्यात साडीशिवाय पाहिलं नव्हतं. सराव मात्र काही दिसेना. "सराव नाही करणार?" विचारलं तर म्हणाल्या, "कशाचा?" मला तो आत्मविश्वास वाटला. चॅम्पियन माणसाचा असतो तसा.

सामन्याच्या दिवशी धुकं अकराला हटलं. कोर्टभोवती दीडेकशे माणसं, शामियाना, चहाचं टेबल, बॅनर. आमच्या शेजारच्या मिश्राईनसुद्धा शाल गुंडाळून आल्या होत्या. त्या मॅडमच्याच वयाच्या. सात जणांचं घर सांभाळणाऱ्या, आणि मॅडमच्या टीव्हीच्या आवाजावरून वर्षानुवर्षं कुरकुरणाऱ्या. आज मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगत होत्या, "हमारी पड़ोसन हैं."

साहेबांनी माईक घेतला. "नागपुर की, बल्कि कहना चाहिए पूरे मध्य भारत की मशहूर चैंपियन..."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं 'अच्छा, असं आहे होय' एवढंच. त्या क्षणी मला सगळं कळलं. तोवर त्या रॅकेट घेऊन कोर्टवर गेल्यासुद्धा.

रॅकेट त्यांनी धरली होती उलथन्यासारखी.

पहिली सर्व्हिस त्यांची. बॉल वर उडवला, रॅकेट फिरवली, बॉल त्यांच्याच खांद्यावर पडला. लोक हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत. दुसरा बॉल आडवा जाऊन शामियान्याच्या खांबावर आदळला. पुन्हा हशा. तिसरा, चौथा. पहिला गेम संपला तेव्हा हसणं थांबलं होतं. दुसरा गेम संपला तेव्हा माणसं एकमेकांकडे बघत होती. साहेबांच्या हातातला माईक चालू राहिला होता आणि त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मुलीला दया आली. चौथ्या गेमला ती लहान मुलाला द्यावा तसा खालून बॉल द्यायला लागली. मॅडम थांबल्या. रॅकेट बगलेत मारून नेटपर्यंत चालत गेल्या.

"ऐ बेटी. ऐसे मत खेल."

"आंटी, मैं तो बस..."

"जैसा खेलती है वैसा खेल. मैं हारने आई हूं तो पूरा हारने दे."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिनं बापाकडे पाहिलं, मग मागं जाऊन खरी सर्व्हिस केली. बॉल मॅडमच्या कानाजवळून सुसाट गेला. मॅडमनी मान हलवली, "हां, अब ठीक है," आणि पुढच्या बॉलसाठी बाजू बदलली. चौसष्ट वर्षांची बाई, प्रत्येक बॉलमागं धावत होती. एकाही बॉलला रॅकेट लागत नव्हती आणि एकही बॉल ती सोडत नव्हती. त्या गेमच्या शेवटी एकदा लागली. टप्प असा आवाज झाला, बॉल उंच गेला, नेटच्या पलीकडे गेला. दीडशे माणसांनी श्वास रोखला. बॉल रेषेबाहेर वीतभर पडला. पंचानं तोंड उघडायच्या आत मॅडमनीच बोट वर केलं. "आउट!"

त्यापुढचं मी पाहिलं नाही. मी चहाच्या टेबलामागं जाऊन खाली बसले आणि दुपट्ट्यात तोंड खुपसलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. साहेबांचा आवाज आला, माईकवरच, बहुधा बंद करायचा राहून गेला असावा. "यह क्या मज़ाक है?" आणि मग मॅडमचा. त्यांनी माईक मागून घेतला होता.

"मैंने आज ज़िंदगी में पहली बार रैकेट पकड़ा है. आपने बुलाया, मैं आ गई. खेलना आता है क्या, यह किसी ने पूछा नहीं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो. मी रडत होते. म्हटलं, मॅडम, मी खोटं बोलले, मला घरातून काढा, काय हवं ते करा. त्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या. पाय सुजले होते.

"ते राहू दे. मला सांग, शेवटच्या गेमला मी कशी दिसून राहिली होती?"

मी रिक्षाबाहेर बघायला लागले.

"पाहिलं नाही का?"

"नाही. मी टेबलामागं बसले होते."

त्यांनी नाडी सोडली आणि सरळ बसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला. कोर्टवर शून्य-सहा हरताना पडला नव्हता तो. "चार वर्षं माझ्यासंगं बसून पाहून राहिली तू," त्या म्हणाल्या. "काय शिकवलं मी तुला?"

घर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, पण ती रिक्षातली पंधरा मिनिटं मला अजून आठवतात.

रात्रीचं जेवण त्यांनीच वर आणून दिलं आणि माझ्या पलंगावर बसून मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

नागपूरला त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. विशीत होत्या तेव्हा. परगावचा फोन लागायचा तो यांच्यासारख्या मुलींनी जोडून द्यायचा, आणि आवाज नीट जातोय ना म्हणून मधेमधे कानाला लावून ऐकायचं. संध्याकाळी मुंबईहून बातमीदाराचा फोन यायचा, नागपूरच्या पेपरला. खेळाच्या बातम्या तो फोनवर भराभर सांगायचा आणि इकडचा लिहून घ्यायचा. त्यात टेनिस. मॅडमनी कोर्ट पाहिलं नव्हतं, पण त्या रोज ऐकायच्या. मास्तर, लोहार, सगळे त्यांना कानानंच भेटले.

"तीन मिनिटं झाली की मी विचारायची, तीन मिनिटं संपली, वाढवायची का? तो म्हणायचा, नको, झालंच. जिंकणाऱ्याचं सगळं सांगून झालेलं राहायचं. एका मास्तरचं सोडून, हरणाऱ्याचं निघायचं न् लाईन तुटायची. मग मी रात्रभर विचार करायची, त्या हरलेल्याचं काय झालं असंल? तो घरी कसा गेला असंल?"

"आणि खेळायला कधी...?"

"एक्सचेंजच्या मागं क्लबाचं कोर्ट होतं. भिंतीपलीकडून बॉलचा आवाज यायचा. मनाई-बिनाई काही नव्हती. पाटी नव्हती लावली कोणी. नुसतं आम्हाला कोणी बोलावलं नाही." त्यांनी माझं ताट उचललं. "म्हणून त्या दिवशी साहेबाला मी हो म्हटलं. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हटलं, या, खेळायला या. नाही कशी म्हणू?"

मला वाटत होतं, त्यांनी माझी अब्रू झाकायला सगळं केलं. माझा त्यात संबंधच नव्हता.

साहेब चार महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मुदतवाढीच्या कागदावर त्यांनी सही केली, पण माझ्याकडे न बघता. मात्र आता त्यांना माझं नाव पक्कं माहीत झालं होतं.

मुलगी मात्र पुढच्याच रविवारी सायकलवर आली. हळू खेळल्याबद्दल माफी मागायला. मॅडम म्हणाल्या, माफी राहू दे, ग्रिप कशी धरतात ते दाखव. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती मॅडमना कोर्टवर न्यायची. सहा महिन्यांत बॉल नेटपलीकडे जायला लागला. वर्षात रेषेच्या आत पडायला लागला. मिश्राईन आधी खिदळायला यायच्या. "इस उमर में गेंद के पीछे भाग रही हैं, हे राम!" मग बाकावर बसायला लागल्या. मग एक दिवस मी पाहिलं तर पदर खोचून कोर्टवर उभ्या आणि मॅडम त्यांना ओरडत होत्या, "आंख गेंद पे रखिए, मिश्राईन, मुझपे नहीं!" सात जणांचा स्वयंपाक उरकून ती बाई यायची. मी नुसती बघत राहिले.

माझी पीएच.डी. संपली, मला पुण्यात नोकरी लागली. निघताना मॅडम अमौसीला सोडायला आल्या आणि विमानतळाच्या दारात म्हणाल्या, "रडू नको. रडायचं तर नीट रड, घाईत नको." फोन सुरू राहिले. एका हिवाळ्यात फोन आला. शहरातल्या एका क्लबात वयस्करांची स्पर्धा होती, पासष्टच्या वरच्या बायकांच्या गटात यांनी नाव दिलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"चॅम्पियन झाली."

मी खुर्चीवरून उठले. "काय?"

"गटात माझं एकटीचंच नाव होतं. बॉल न मारता कप दिला. घे म्हणे." त्यांचा आवाज संतापानं थरथरत होता. "माझा हा अपमान आहे. पुढच्या वर्षी मिश्राईनलाही उतरवते."

त्यांनी उतरवलं. वर्षभर तिला घासलं. तिची सर्व्हिस सुधारली, तिला बूट घेऊन दिले, तिच्या सुनेशी भांडून तिचे रविवार मोकळे करून घेतले. पुढच्या हिवाळ्यात गटात दोन नावं होती. मी पुण्याहून दिवसभर फोन लावत होते, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी उचलला.

"हरली मी," मॅडम म्हणाल्या. "सहा-चार."

"मिश्राईनकडून?"

"मग अजून कोणाकडून? दोघीच तर होतो."

मी हसणार होते, पण पलीकडचा आवाज ऐकून हसू आत गेलं. त्या रडत होत्या. मॅडम. मी सहा वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, यजमानांच्या स्मृतिदिनालाही नाही.

"तुला सांगू का," त्या म्हणाल्या. "शून्य-सहा हरणं काहीच नसते. त्यात आपलं काही जात नाही. पण चार-तीन मी पुढं होती गं. चार-तीन. मग एक बॉल मी नेटात मारला. सोपा होता. तीन दिवस झाले, झोपली नाही मी. तोच बॉल दिसते."

"होतं असं, मॅडम."

"टीव्हीवरच्यांना मी फार बोलली. हा असा हरला, ती तशी हरली. घरात खुर्चीत बसून. मी तर हात मिळवताना तिच्याकडे पाहिलंही नाही. बूट पाहत होती. मिश्राईनचे बूट. मीच घेऊन दिलेले."

मी विचारलं, "त्या आल्या होत्या का नंतर तुमच्याकडे?"

"रोज येते. दार वाजवते. तहरी करून आणली होती काल, मटारचा भात."

"मग?"

"दार नाही उघडलं."

"मॅडम, असं काय करता! बोला की त्यांच्याशी."

पलीकडं नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बोलीन. उद्या बोलीन. आज अजून राग आहे."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.